बॅटरीशिवाय चालणारा मॉइश्चर मीटर: उतरत्या उन्हाळ्यातला अनुभव

उन्हाळा उतरणीला लागला की बागेतली बरीचशी कामे डोळ्यांना दिसतात आणि म्हणून होऊनही जातात; सुकलेली फुले खुडली जातात, पिवळी पाने निघतात, बियाण्यासाठी चार शेंगा झाडावरच वाळू दिल्या जातात. कुंडीच्या तळाशी ओल किती उरली आहे हे मात्र दिसत नाही, आणि या दिवसांतल्या बहुतेक चुका तिथेच होतात. भोपळ्याच्या पानांनी भर दुपारी माना टाकल्या की हात आपोआप झारीकडे जातो; वास्तविक पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांना झेपत नाही म्हणून ती लवंडलेली असतात आणि माती ओली असेल तर संध्याकाळपर्यंत आपोआप सावरतात. अशा वेळी वरून आणखी पाणी ओतणे म्हणजे मुळे कुजवण्याची तयारीच.

हा गोंधळ टाळण्यासाठी मी मातीतली ओल दाखवणारा, दोन टोकांचा, बॅटरीशिवाय चालणारा मीटर घेतला आणि एक पूर्ण हंगाम वापरला. मोठ्या कुंड्यांमध्ये त्याने खरोखर मदत केली. बोट जेमतेम दोन पेरे आत जाते, याची टोके वीतभर खोल जातात. वरची माती खापरासारखी कोरडी असताना खाली काटा सहावर, म्हणजे ओलीच्या बाजूला, असलेला मी अनेकदा पाहिला आणि त्या दिवशी पाणी दिले नाही. टोमॅटोच्या फळांच्या बुडाला काळे चट्टे पडण्याचा त्रासही यंदा कमी झाला. कधी कोरडे, कधी चिंब अशा पाण्यामुळे फळाला कॅल्शियम नीट पोहोचत नाही, आणि मीटरमुळे पाळ्या बऱ्याच नियमित झाल्या. श्रेयाचा अर्धा वाटा मात्र मातीवर घातलेल्या दोन-तीन इंच पाचोळ्याला द्यायला हवा.

आता दोष. हे यंत्र पाणी मोजत नाही. त्याची दोन टोके वेगवेगळ्या धातूंची असतात, ओल्या मातीत त्यांच्यामध्ये किंचित वीज निर्माण होते आणि ती काटा हलवते. मी ते ऊर्ध्वपातित पाण्याच्या पेल्यात बुडवले तेव्हा काटा जेमतेम हलला, आणि चिमूटभर मीठ टाकताच थेट ‘ओले’ या पट्ट्यात जाऊन बसला. खतातले क्षार हेच करतात. उन्हाळाभर द्रवरूप खत घातलेल्या एका कुंडीत मीटर आठ दाखवत असताना झाड संध्याकाळीही सावरेना, म्हणून खुरपीने उकरून पाहिले, तर माती हातात भुगा होऊन आली. उलट प्रकारही घडतो: कोकोपीट (कुंडीत मातीसारखा वापरला जाणारा नारळाच्या काथ्याचा भुसा) वाळून कुंडीच्या कडेपासून सुटले असेल आणि टोके त्या फटीत उतरली, तर शेजारी ओल असूनही काटा शून्यापाशीच राहतो. असे मिश्रण वरून घातलेले पाणीही नीट शोषून घेत नाही, ते कडेने खाली निघून जाते. त्यासाठी कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी लागते.

त्याच मीटरवर आम्लता आणि प्रकाश मोजण्याचीही सोय आहे. आम्लतेचा आकडा एकाच कुंडीत लागोपाठ तीनदा वेगवेगळा आल्यावर मी ते बटण वापरणे सोडले. टोके मातीत रोवून ठेवता येत नाहीत, कारण ती गंजतात, आणि दर वेळी पुसण्याचा कंटाळा केल्यामुळे माझ्या मीटरच्या एका टोकावरचा मुलामा उडालाही आहे. खडे असलेल्या मातीत जोर लावला तर टोक वाकते.

सात-आठ मोठ्या, जागच्या हलवता न येणाऱ्या कुंड्या असतील आणि एकाच कुंडीतले आजचे वाचन कालच्याशी ताडून पाहण्याची सवय असेल, तर मीटर घ्यावा. दोन निरनिराळ्या कुंड्यांचे आकडे एकमेकांशी जुळवू नयेत. लहान कुंड्यांसाठी त्याची गरज नाही. कुंडी हाताने उचलून तिचे वजन अजमावले की तेवढाच अंदाज येतो, आणि तिथे खताचे क्षार फसवत नाहीत.