ऊसतोडीच्या गावात शाळेचं व्हॉट्सॲप : पाचपैकी चार तारे

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातं, ते गुढीपाडव्याच्या आसपास परततं. लेकरं आजीआजोबांकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. म्हणून मी व्हॉट्सॲप एकाच गोष्टीवर जोखते : लेकराचा अभ्यास कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीतल्या, आईपर्यंत पोचतो का?

पोचतो, आणि तो माइकच्या बटणामुळे. आमच्या कितीतरी आयांना वाचता येत नाही. त्यांना लिहिलेली सूचना काय कामाची? रोज दुपारच्या सुट्टीनंतर दोन-तीन मुलं बालभारतीच्या पुस्तकातला एकेक परिच्छेद वाचतात. मी तो आवाज ज्याच्या त्याच्या घरच्यांना पाठवते. ग्रुपवर नाही; अडखळणारं मूल सगळ्या ऊसतोड टोळीला कशाला ऐकवायचं? गेल्या हंगामात दुसरीतल्या एका मुलीच्या आईचा निरोप आला, मागे ट्रॅक्टर घुरघुरत होता : "मॅडम, परवा थांबत थांबत वाचत व्हती, आज सलग वाचलं बगा." अक्षर न ओळखणाऱ्या त्या माउलीने नेमकं हेरलं होतं. मी तो निरोप मुलीला ऐकवला, तर ती पुढचं पान काढूनच बसली.

सूचनांच्या ग्रुपला 'फक्त ॲडमिन' हे सेटिंग लावाच. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा धाडायच्या सोयीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश जातो. आमच्याकडे मोबाइल आणि कार्डं सारखी बदलतात. म्हणून टोळ्या निघायच्या आधी पालकसभेत मी एकेकाच्या मोबाइलमध्ये शाळेचा नंबर स्वतः घालून देते.

व्हिडिओ पाठवू नका, उसाच्या फडात रेंज नसते. पुस्तकातल्या क्यूआर कोडचे धडे मी सरकारच्या दीक्षा ॲपवर आधीच डाउनलोड करून शाळेतच दाखवते. मुलांचे फोटो स्टेटसला ठेवत नाही. स्टेटस २४ तासांनी जातं, पण कुणी उतरवून घेतलेला फोटो जात नाही.

एक तारा कापला, कारण घरातला एकुलता मोबाइल बापाबरोबर कारखान्यावर जातो. आजीकडे राहिलेल्या लेकराला आईचं उत्तर ऐकायला शाळेतच यावं लागतं. रविवारी तेही नाही. यंदा टोळ्या नेणाऱ्या मुकादमांचेही नंबर घेऊन ठेवणार आहे. टोळीत निदान त्यांचा मोबाइल तरी चार्ज असतो.