मिरजेची प्रवासी तानपुरी: सेवाकार्य आटोपून मायदेशी परतणाऱ्यांनी ती घ्यावी का?

मिरजेच्या वाद्यांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा मैफलीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या गरजा समोर ठेवून लिहिलेले असते. आमची गरज थोडी निराळी होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात सेवाकार्यासाठी कॅनडाहून आलेल्या एका ताईंची मुदत ईस्टरनंतर संपत होती, आणि नाताळची धामधूम ओसरताच त्यांनी स्वतःच्या पैशांतून एक तंबोरा करवून घेऊन तो बरोबर नेण्याचे ठरवले. त्यांना मराठी चांगले येत असले तरी वाद्यातले मला थोडे अधिक कळते म्हणून खरेदीची जबाबदारी माझ्यावर आली. हे परीक्षण त्या वाद्याचे आणि ते करून देणाऱ्या सतारमेकरांच्या दुकानाने दिलेल्या सेवेचे आहे. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एका बाबतीत माझी तक्रार आहे. आणि त्यांच्याविषयी जे चांगले सांगायचे आहे, ते मिरजेतील इतरही अनेक कारागिरांना लागू पडावे असे आहे.

प्रथम तंबोराच का, हे सांगणे भाग आहे, कारण वाद्याची निवड त्यावरच ठरली. ताई गिटार उत्तम वाजवतात आणि कोरस गीतांना ती साथ शोभतेही. परंतु ‘उपासना संगीत’ या आमच्या मराठी गीतसंग्रहातील ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदे ज्या भजनी वळणाची आहेत, ते वळण गिटारच्या ठोक्यांत बसवू गेले की पदाचा श्वास कोंडतो. टिळकांनी कीर्तन आणि भजन मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवले, १९१७ मध्ये ते साताऱ्यास येऊन राहिले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमाज आरंभला. त्यामुळे आपल्या सातारा-सांगलीकडच्या मंडळ्यांना ही पदे परकी नाहीत, फक्त अलीकडच्या मुलांच्या कानांवरून ती थोडी उतरली आहेत. ताईंनी ती येथेच शिकून घेतली, आणि घरी गेल्यावर तिकडच्या तरुणांना शिकवायची तर आधाराला सूर हवा, एवढाच त्यांचा साधा हिशेब होता.

असा सूर हवा असलेल्याने मिरज सोडून दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे वाद्यनिर्मितीचा पाया घातला, आणि पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे गवई या गावी राहिल्यामुळे कारागिरांच्या कानांना जी शिस्त लागली ती आजही त्यांच्या हातांत दिसते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्य हातात घेऊन ऐकल्याशिवाय मात्र कोणत्याही मानांकनावर पैसे टाकू नयेत, असे माझे मत आहे.

दुकानात आमच्यापुढे दोन पर्याय आले. एक, भोपळ्याचा पूर्ण आकाराचा जनानी, म्हणजे बायकांच्या पट्टीचा, तंबोरा. आणि दुसरा, सर्वांगी लाकडाची, चपट्या अंगाची, साधारण तीन फुटांची प्रवासी तानपुरी. ताईंचे मन साहजिकच पहिल्यावर बसले, कारण पंढरपूरकडच्या शेतांतून येणाऱ्या त्या जाड सालीच्या भोपळ्याचा घुमारा एकदा ऐकला की तानपुरीचा आवाज काहीसा बंद खोलीतून आल्यासारखा वाटतो. विक्रीच्या दृष्टीने पाहिले तर दुकानदाराने मोठा तंबोराच पुढे सरकवायला हवा होता, कारण तानपुरीची किंमत त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. परंतु दुकानातील वृद्ध कारागिरांनी, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, आधी एवढेच विचारले की, “ताई, तुमच्या गावी थंडीत घर गरम ठेवतात ना?” होकार मिळताच त्यांनी भोपळ्याचा विषय मिटवला. बाहेर बर्फ आणि आत दिवसरात्र हीटर अशा घरांत हवा अत्यंत कोरडी होते. तशा हवेत भोपळ्याला तडा जाण्याची, तबकडीचा सांधा सुटण्याची भीती फार, आणि तिकडे तो सांधणारा माणूस मिळणे कठीण. कॅनडाची हवा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नसावी, पण त्यांच्या हातची वाद्ये परदेशी जातात आणि कधी दुरुस्तीसाठी परतही येतात, त्यावरून आलेले हे शहाणपण होते. ग्राहकाच्या खिशाकडे न पाहता त्याच्या मुक्कामाची हवा विचारणारे दुकान मला तरी क्वचितच भेटले आहे.

तानपुरी तुणीच्या लाकडाची असून खुंट्या शिसवी आहेत. ताई काळी चार या उंच पट्टीत गातात, त्यामुळे लहान अंगाची ही तानपुरी त्या पट्टीला पुरेशी ठरली. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी ती घेऊ नये, कारण तार सैल पडते आणि खर्ज बोलत नाही. पंचम, दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या तारा पोलादी आणि चौथी खर्जाची पितळी, अशी नेहमीचीच मांडणी आहे. नक्षीकाम आम्ही नाकारले, आणि ते उत्तम केले, कारण वाचलेला वेळ जवारीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून सूर खुलवण्यावर, खर्च झाला.

जवारी लावताना चाचांजवळ बसण्याची आम्हांला मुभा मिळाली, ही या दुकानाची सर्वांत मोठी सेवा मी मानते. चाचा तारा सैल करून बाजूला घेत, घोडीच्या माथ्यावरून बारीक कानस दोन-तीनदा फिरवत, पॉलिश पेपरने तो माथा पुसल्यासारखा घासत, तारा पुन्हा चढवत आणि डोळे न मिटता, समोर रस्त्याकडे पाहत ऐकत. मग पुन्हा तेच. प्रत्येक वेळी फरक इतका सूक्ष्म होता की मला तो निम्म्या वेळी कळलाही नाही. शेवटी त्यांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला, आणि एका विशिष्ट जागी तो येताच कोरडी टणटण करणारी तार एकाएकी फुलून लांबवर बोलू लागली. येथवर कोणताही चांगला कारागीर येतो. चाचांनी यापुढे जाऊन तो दोरा पुन्हा काढून टाकला आणि ती जागा ताईंना स्वतः शोधायला लावली. चारही तारांवर, न चिडता, न घाई करता. “मी तिकडे येणार नाही, बेटी,” एवढेच ते म्हणाले. तार तुटल्यावर ती कशी ओवायची, खुंटी घसरू लागली तर खडू कसा लावायचा, सूर बारीक जुळवण्यासाठी तारेतला मणी किती सरकवायचा, हे सारे त्यांनी ताईंच्या हातून करवून घेतले आणि जादा तारांची वेटोळीही दिली. वाद्याच्या किमतीत हे शिक्षण धरलेले होते. त्याचे निराळे पैसे मागितले नाहीत.

आता वापराविषयी. बरेच पाहुणे अशी खरेदी निघण्याच्या आठवड्यात करतात, वाद्य थेट पेटीत जाते आणि तिकडे भिंतीवर लागते. आमची तानपुरी हाती आली तेव्हा ताईंचे काही महिने शिल्लक होते, आणि तिचा उत्तम उपयोग त्या महिन्यांतच झाला. बाहेरून आलेल्या तरुण सेवकाचे अखेरचे महिने तसे अवघड असतात. मुलांना त्याची सवय झालेली असते, प्रत्येक सभेत पहिले गीत त्यानेच उचलावे अशी सर्वांची अपेक्षा असते, आणि तो गेल्यावर तरुण संघ पहिल्याच पावसाळ्यात विस्कळीत होतो. हे आमच्याकडे पूर्वीही घडलेले आहे. मिरज हे तसे मिशनच्या पाहुण्यांना सरावलेले गाव आहे. कॅनडातच जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे सुरू केलेले रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. पण ज्यांचे काम संस्थेच्या रूपाने मागे राहते त्यांची गोष्ट वेगळी. मुलांमध्ये बसून काम करणाऱ्याच्या मागे तीच मुले उरतात, आणि त्यांनी पुढे व्हावे यासाठी सेवकाला आधी मागे सरावे लागते.

हे मागे सरणे गिटार हातात असताना ताईंना जमत नव्हते. गिटार वाजवणारा उभा राहतो, ठेका तो धरतो, गीत कधी थांबवायचे ते त्याच्या हाताकडे पाहून ठरते. तंबोरा छेडणाऱ्याला गाणाऱ्याच्या मागे बसावे लागते. त्याने गती वाढवायची नाही, कमी करायची नाही, फक्त सूर धरून ठेवायचा. तानपुरी आल्यापासून ताई मागच्या सतरंजीवर बसू लागल्या आणि पद उचलण्याचे काम आपोआप पुढच्या मुलांकडे गेले. पहिल्या काही सभांत गाणे अक्षरशः कोसळले, हेही नोंदवले पाहिजे. कोणी मध्येच पट्टी सोडली, कोणी ध्रुवपद विसरले. गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांची जी उपासना होते तिथपर्यंत मात्र तरुण संघातील दोन मुली संपूर्ण पद न अडखळता सांगू लागल्या होत्या. त्यातल्या एकीला तानपुरीही छेडता येते: मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने उरलेल्या तीन, आणि कोणत्याही तारेवर आघात न करता. पाळकसाहेबांनी ताईंच्या निरोप समारंभाचे आभारप्रदर्शनही या दोघींकडेच सोपवले, शाल-श्रीफळ आणि चौकटीतला समूहफोटो हे प्रकार अर्थातच झाले.

मोबाईलवर तानपुऱ्याचे ॲप फुकट मिळत असताना एवढा खर्च कशाला, असे आमच्या मंडळीत दोघा-तिघांनी विचारले. एकट्याच्या रियाजाला ॲप पुरते, मीही वापरते. पण तरुणांच्या वर्तुळात मोबाईल मध्ये ठेवला की दर पाच मिनिटांनी कोणाचा तरी निरोप त्यावर टिंग करतो, आणि मोबाईलला सुरात लावण्यासाठी कोणालाही शेजारी बसून काही शिकावे लागत नाही. तानपुरी लावायला बसल्यावर सूर जुळेपर्यंत सारे गप्प राहतात, हा फायदा मला कोणत्याही किमतीला स्वस्त वाटतो.

तक्रार आहे ती प्रवासाच्या तयारीविषयी. कडक पेटी देण्याचे कबूल करून ऐन वेळी रेक्झिनचे, आत पातळ स्पंज असलेले कव्हर हाती ठेवण्यात आले. एसटीने सांगलीपर्यंत नेण्यास ते ठीक आहे. विमानाच्या सामानकक्षात घालण्यास नाही. शेवटी सांगलीतील एका सुताराकडून प्लायवूडची, आतून फोम लावलेली पेटी आम्ही स्वतंत्र पैसे देऊन करवून घेतली. बिलाचेही तसेच. सुरुवातीला साध्या चिठ्ठीवर केवळ ‘तानपुरी, एक नग’ असे लिहून मिळाले. सीमाशुल्काच्या अधिकाऱ्याला दाखवता येईल असे, लाकडाचा व घोडीचा प्रकार लिहिलेले रीतसर बिल मिळवण्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. ज्या दुकानाची वाद्ये समुद्रापार जातात त्याने या दोन गोष्टींत ढिलाई करावी, हे चाचांच्या कामाला न शोभणारे आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या तरुणाला मी हे स्पष्ट सांगितले, आणि त्याने ते ऐकूनही घेतले.

घोडीचा उल्लेख बिलात हवा याला कारण आहे. जुन्या पद्धतीची घोडी सांबराच्या शिंगाची असे, आणि जुन्या वाद्यांवर ती अजूनही आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती बाळगणे वा देशाबाहेर नेणे अंगाशी येऊ शकते. घोडी लाकडाची अथवा कृत्रिम पदार्थाचीच मागावी. शिसवीचे लाकूड २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत असले तरी तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळालेली आहे, तेव्हा खुंट्यांची काळजी नको. वाद्य विमानात नेण्याविषयी कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्यावे. निघताना तारा एक-दोन फेरे सैल कराव्यात, पूर्ण सोडू नयेत, आणि घोडीच्या चारही कडांना पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवावी, म्हणजे ती सरकली तरी जागेवर बसवता येते.

माझा कौल असा की, ज्याला उंच पट्टीत गायचे आहे, थंड देशात राहायचे आहे आणि जवळपास दुरुस्ती करणारा मिळणार नाही, त्याने ही तानपुरी निःशंकपणे घ्यावी; ज्याचे घर दमट हवेत आहे आणि ज्याला जागेची अडचण नाही, त्याने अधिक पैसे घालून भोपळ्याचाच तंबोरा घ्यावा. मागणी पावसाळ्यात नोंदवू नये, कारण दमट हवेत चपड्याचे पॉलिश नीट वाळत नाही आणि त्यावर पांढुरकी झाक येते. जूनच्या सुमारास मुदत संपणाऱ्यांनी जानेवारीतच दुकान गाठावे, सांगितलेल्या तारखेत पंधरवड्याची भर आपल्या मनाशी धरून ठेवावी, आणि पेटीचे पैसे पेटी डोळ्यांनी पाहिल्यावरच द्यावेत.