स्क्रू खेळपट्टी मापक, 52 पाने (डागरहित) : वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी सांगतो, वस्तू (बोल्टाचे आटे मोजायचा पिच गेज) चांगली आहे. रिव्ह्यू लांबलाय तो वस्तूमुळं नाही, ज्या शॉपिंग अॅपवरून घेतली त्याच्या मराठीमुळं. अॅपचं नाव घेत नाही, आपल्या सगळ्यांच्याच फोनमध्ये असली दोनचार आहेत.

माझं शिरोली एमआयडीसीत छोटं लेथचं काम, दोन लेथ एक ड्रिल, त्यातला एक लेथ माझ्याहून म्हातारा. आमच्याकडं पिच म्हणजे एकच, बोल्टाच्या एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. एम-8 ला (म्हणजे 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला) 1.25 मिलिमीटर, एम-10 ला 1.5, एम-12 ला 1.75, हे पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. माझा जुना पिच गेज (दातेरी पात्यांचा जुडगा, जे पातं आट्यांत गच्च बसेल तो त्याचा पिच) कुणीतरी नेला तो नेलाच (कुणी नेला ते माहितीय, पण शेजारधर्म), म्हणून ऑनलाइन मागवू म्हटलं. पोरीनं मागं कधीतरी अॅपची भाषा मराठी करून ठेवलेली, मला बरंच वाटलेलं.

'पिच गेज' टाकलं तर पहिल्यांदा आली क्रिकेटची मॅट, मग स्टंप, मग गिटारला लावायचा ट्यूनर. खाली एक दिसलं 'खेळपट्टी नळी', फोटो अगदी बारका, गोल काहीतरी, आणि मूळ इंग्लिश नाव होतं पिच पाइप. मला वाटलं पाइपाच्या आट्यांचा गेज असणार, नळफिटिंगचे आटे वेगळेच असतात ना, अर्धा इंची म्हणजे आपल्या चार सुती नळाला इंचात 14 आटे, तेव्हा त्याचा वेगळा गेज निघाला असेल, घेऊन ठेवू. मागवलं. चौथ्या दिवशी बॉक्स आला, उघडतोय तर आत बिस्किटाएवढी गोल पेटी आणि कडेनं भोकं. आमच्या ड्रिलवरच्या पोरानं तोंडाला लावून फुंकलं आणि सूर निघाला! तेरा भोकं, तेरा सूर, गाणाऱ्यानं सुरुवातीचा सूर धरायला वापरायची वस्तू ती. अख्खं शॉप हसत होतं आणि मी रिटर्नचं बटण शोधत होतो.

पण ती परत गेली नाही. वडील भजनी मंडळात गातात, त्यांनी ती घरी बघितली, फुंकून बघितली आणि म्हणाले, "ही पांढरी एकपासून आहे की रे, माझी काळी एक दुसऱ्या भोकाला मिळते." मग कळलं की इंग्लिशमध्ये ह्यालाही पिचच म्हणतात, आवाज किती वर किती खाली ते. आपण त्याला पट्टी म्हणतो, पांढरी एक, काळी एक ही पट्ट्यांचीच नावं. "बुवा कुठल्या पट्टीत गाणार?" असं पेटीवाला विचारतो तीच पट्टी. आता गंमत बघा, गाण्याची पट्टी, क्रिकेटची खेळपट्टी, पोरीच्या कंपासातली पट्टी, गुडघ्याला बांधायची पट्टी आणि ग्रामपंचायतीची पाणीपट्टी. म्हणजे इंग्लिशच्या नावानं मी ओरडतोय खरा, पण आपल्यातही काय कमी नाही. फरक इतकाच की पेटीवाल्यानं पट्टी विचारली म्हणून कुणी त्याला पाणीपट्टीची पावती दाखवत नाही. माणसाला समोर कोण बसलंय ते दिसतं.

तर दुसऱ्यांदा शोधताना जरा डोकं लावलं आणि हा सापडला, 'स्क्रू खेळपट्टी मापक, 52 पाने, डागरहित पोलाद, धाग्याची खेळपट्टी मोजण्यासाठी उपयुक्त'. स्टेनलेसचं डागरहित केलंय, लीफचं पान, थ्रेडचा धागा, आणि खालचा पात्यांचा संच घट्ट करायचा लॉक स्क्रू म्हणजे 'कुलूप स्क्रू'. 60 अंश आणि 55 अंश लिहिलंय ते आट्याच्या कोनाबद्दल, पण ते टाकलंय 'तापमान' च्या रकान्यात! खाली प्रश्नोत्तरात एकानं विचारलेलं, टर्फवर चालेल का. विक्रेत्याचं उत्तर, होय सर.

टर्फवाल्यासाठी सांगतो बाबा, तुझी पिच 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर, त्याला टेप लागतो. माझ्या गेजमधलं सगळ्यात मोठं पातं 6 मिलिमीटरचं.

आता वस्तूबद्दल. साडेतीनशेला पडली. दोन्ही टोकाला पात्यांचे जुडगे, एकीकडं मेट्रिक 24 पाती, 0.25 पासून 6 पर्यंत, दुसरीकडं इंची 28 पाती, इंचाला 4 आट्यांपासून 62 पर्यंत. इंची बाजू 55 अंशाची आहे, म्हणजे व्हिटवर्थ, 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ठरवून दिलेला आटा. आमच्या भागात जुनी ऑइल इंजिनं, जुने पंप दुरुस्तीला येतात त्यांना हेच आटे असतात, म्हणून मला ही बाजू हवीच होती. घेताना बघून घ्या, काही गेजमध्ये इंची बाजूपण 60 अंशाची येते, ती अमेरिकन आट्याला, आपल्या जुन्या मालाला उपयोग नाही.

चांगलं काय ते एका जॉबवरूनच सांगतो. मागच्या आठवड्यात एक शेतकरी मामा इंजिनाचा बोल्ट घेऊन आले, म्हणे नट जातोय पण डुलतोय आणि जरा आवळला की आटे सोलतात. तीन नट बदललेत म्हणे. जाडी मोजायला व्हर्नियर लावला तर 9.4 मिलिमीटर, मनात आलं झिजलेला एम-10 बारीक आट्याचा, त्याचा पिच 1.25. गेजचं 1.25 चं पातं लावलं तर पहिले चारपाच आटे बसल्यासारखे वाटले, पण बोल्ट खिडकीकडं धरला तर पुढं बारीक उजेड दिसायला लागला, आणि टोकाकडं जाईल तसा वाढत गेला. मग इंची 20 चं पातं लावलं, गच्च बसलं, उजेड नाही. इंचाला 20 आटे म्हणजे पिच 1.27. एका आट्याला फरक फक्त दोन शतांश मिलिमीटर, डोळ्याला काय दिसणार, पण दहा आट्यांत तो 0.2 होतो आणि तिथं पातं खोटं बोलत नाही. तो बोल्ट तीन अष्टमांश इंची बारीक आट्याचा, म्हणजे तीन सुती, एम-10 नव्हताच. मामांना तसला नट केला, बसला. एवढ्या एका कामात साडेतीनशे वसूल.

वाईट काय. आकडे फार फिके मारलेत, 1.75 आणि इंची 14 ही जवळजवळची पाती (14 चा पिच 1.81 होतो) संध्याकाळच्या उजेडात ओळखता येत नाहीत, मी मार्करनं रंगवून घेतली. पाती रुंद आहेत त्यामुळं बारक्या नटाच्या आत जात नाहीत, बाहेरच्या आट्यालाच खरा उपयोग. आणि डागरहित वगैरे काय नाही, पहिल्याच पावसाळी आठवड्यात दोन पात्यांवर डाग पडलेत, तेलाचा हात मारून ठेवा.

एक विषयांतर. त्या नळीच्या प्रकरणानंतर मला नादच लागला, डिक्शनरी काढून बसलो. सायकलच्या चेनला पिच, अर्धा इंच. बाईकची 428 नंबरची चेन घ्या, त्यातला 4 म्हणजे चार अष्टमांश इंच, तोही पिचच. आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचा एलईडी बोर्ड पी-10 चा, म्हणजे एका दिव्यापासून दुसरा 10 मिलिमीटरवर, तोही पिच. हे सगळं आमच्याच कुळातलं, एकापासून पुढच्यापर्यंतचं अंतर. क्रिकेटचं पिच आलंय ठोकून रोवण्यावरून, स्टंप रोवतात ती जागा, तंबू ठोकतात त्यालाही इंग्लिशमध्ये पिचच म्हणतात. विमानाचं नाक वरखाली होतं ते पिच. भाच्यानं कुठल्यातरी कंपनीपुढं पाच मिनिटांत धंद्याची आयडिया सांगितली, तेही पिच, आणि ते बसलं नाही म्हणून घरी तोंड पाडून बसलाय. डांबरासारखा काळा चिकट पदार्थ तोही पिच, पण तो शब्दच मुळात वेगळा, लॅटिनमधून आलेला, नुसता आवाज सारखा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 पासून हे पिच नरसाळ्यात भरून ठेवलंय, हातोडीनं फुटेल इतकं कडक, पण थेंब थेंब गळतंय, आणि 2014 पर्यंत नऊ थेंब पडलेत. आमचा एक डिलिव्हरी चलन देणारा माणूस आहे त्याच्यापेक्षा ते फास्टच म्हणायचं.

म्हणजे अॅपला शब्दाचे अर्थ माहिती नाहीत असं नाही. खेळपट्टी हा शब्द बरोबरच आहे, रेडिओवर मराठी कॉमेंट्री ऐकत मोठे झालेल्या माझ्या पिढीला तर लाडका आहे. पण शेजारी स्क्रू लिहिलाय, पोलाद लिहिलंय, फोटोत पाती दिसतायत, तरी ह्याला मैदानच आठवतं. आमच्यातला नवा हेल्परसुद्धा एकदा विचारतो, "मालक, कसला पिच?" आणि आमच्या धंद्यात हा शब्द कधी कुणी मराठीत केलेलाच नाही, आटे मराठी, पिच पिचच. तसाच ठेवला असता तर माझ्यासारख्याला पहिल्या झटक्यात वस्तू मिळाली असती.

त्या पानावर 'भाषांतर सुधारण्यास मदत करा' म्हणून बटण आहे. मी रीतसर लिहिलं, की बाबांनो ह्याला 'आट्यांचा पिच गेज' म्हणा, धागा काढा, तापमान काढा. दोन दिवसांनी मेसेज आला, खेळपट्टीविषयी आपला अभिप्राय मिळाला, धन्यवाद.

गेजला चार स्टार, एक फिक्या आकड्यांचा कापला. अॅपच्या मराठीला एक, तोही वडिलांच्या त्या नळीमुळं. ज्याला घ्यायचाय त्यानं भाषा इंग्लिश करून 'स्क्रू पिच गेज 55 डिग्री' टाकावं आणि ऑर्डर मारायच्या आधी फोटो मोठा करून बघावा. कडेनं भोकं दिसली तर थांबा.