आधी करार की आधी मतदान?

वेगळा देश मागणाऱ्या प्रदेशापुढे ढोबळमानाने दोनच रस्ते असतात. मूळ देशाला कसंबसं राजी करून मग सार्वमत घ्यायचं, नाहीतर आपलं आपण मतदान उरकायचं आणि मान्यतेसाठी जगाचे उंबरे झिजवायचे. यातला कुठला बरा हे ठरवायचं असेल तर नुसतं 2006 साल बघा, दोन्ही नमुने तिथेच सापडतील.

मे महिन्यात मॉन्टेनेग्रोत सर्बियापासून वेगळं व्हायचं का यावर मतदान झालं. युरोपियन युनियनची अट होती की किमान 55 टक्के 'हो' पाहिजे, आणि पडले किती, तर 55.5! काठावर पास. पण नियम दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेले, त्यामुळे सर्बियाने जूनमध्येच मान्यता दिली आणि महिना संपायच्या आत यूएनची मेंबरशिपपण मिळाली. उलट आपलं आपण मतदान उरकणारे: सप्टेंबरमध्ये मोल्दोवातून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रियात 97 टक्के, नोव्हेंबरमध्ये जॉर्जियातून फुटलेल्या दक्षिण ओसेटियात 99 टक्के, आणि यूएनमध्ये खुर्ची दोघांनाही नाही. ओसेटियाला 2008 च्या रशिया-जॉर्जिया युद्धानंतर रशिया आणि मोजक्या चारदोन देशांनी मान्यता दिली, बस. मला तर 99 टक्के ऐकलं की आधी शंका येते की विरोधातले लोक गेले कुठे; इथे तर जॉर्जियन गावांनी त्याच दिवशी आपलं वेगळंच मतदान घेतलं होतं.

दक्षिण सुदानचं बघा. 2005 चा शांतता करार, त्यात सार्वमताचं कलम, मग जानेवारी 2011 मध्ये मतदान. लिहितावाचता न येणारे मतदार खूप, म्हणून मतपत्रिकेवर चित्रं, वेगळं व्हायचं तर एकच उघडा हात, एकत्र राहायचं तर हातात हात, आणि खाली अंगठा उठवायचा. 98.83 टक्के लोकांनी एकटा हात निवडला आणि मान्यता द्यायला पहिलं कोण आलं तर खुद्द सुदान. (दोन-अडीच वर्षांत तिथे यादवी पेटली, पण ते मान्यतेचं दुखणं नव्हे.)

याउलट इराकी कुर्दिस्तान, सप्टेंबर 2017. जवळपास 93 टक्के 'हो', पण बगदाद नाही म्हणतंय, तुर्की-इराण नाही म्हणतायत, अमेरिकासुद्धा थांबा म्हणतेय आणि तरी रेटलं. चार दिवसांत आंतरराष्ट्रीय विमानं बंद, तीन आठवड्यांत किर्कुक शहर हातातून गेलं. वेगळा देश राहिला बाजूला, होतं तेही घालवून बसले.

म्हणून माझं मत करारालाच, पण डोळे झाकून नाही, कारण करारात सगळी मेख असते ती निकालानंतर काय होणार या एका ओळीत. पापुआ न्यू गिनीतल्या बूगनव्हिल बेटांनी 2001 मध्ये त्या देशाशी करार केला, 2019 मध्ये मतदान झालं, जवळपास 98 टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने, सगळं रीतसर. पण निकाल बंधनकारक नाही, शेवटचा शब्द पापुआ न्यू गिनीच्या संसदेचा असं त्यांनी स्वतःच सही करून दिलेलं, त्यामुळे गाडी तिथेच अडली आणि आता बूगनव्हिलचे नेते स्वातंत्र्यासाठी 1 सप्टेंबर 2027 ही तारीख धरून बसलेत.