नागपूरच्या गारठ्यात मांजराचं बाहेरचं घर: कापडी तंबू, प्लाय, संत्र्याची पेटी की थर्माकोलचा डबा?

मांजराचं घर विकत घेताना बहुतेक जण आत हात घालून गादी दाबून बघतात. गादी मऊ म्हणजे घर ऊबदार, असा हिशेब. बाहेर ठेवायच्या घरात मात्र सगळ्यात निकामी वस्तू तीच. दवाने ओले पाय, श्वासातली वाफ, पहाटेचा दमटपणा हे सगळं ती पिऊन बसते आणि मग रात्रभर मांजराच्या अंगातली ऊब खाते. घर कुठलंही घ्या, गादी आधी काढून घरातल्या मांजराला द्या.

पण त्याआधीचा प्रश्न: मांजर बाहेर ठेवावं का? नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एरवी १२-१३ अंशांच्या आसपास असतो. उत्तरेकडून वारा सुटला की ७-८ पर्यंत येतो, आणि २९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ वर गेला होता. दुपारी मात्र २७-२८. त्यामुळे दुपारी कंपाउंडच्या भिंतीवर ऊन खात पसरलेलं मांजर बघून 'याला काय थंडी' असं वाटतं. खरी परीक्षा पहाटे ३ ते साडेसातची. आकाश निरभ्र असलं की जमीन, स्लॅब, टिनाचा पत्रा सगळे रात्रभर उष्णता सोडत राहतात आणि सूर्योदयाच्या सुमारास पारा तळाला असतो. मांजराचं अंग ३८-३९ अंशांचं, आणि जादा शक्ती खर्च न करता त्याला बरं वाटतं ते ३० च्या वर. म्हणजे १२ अंशांतही ते अन्न जाळूनच ऊब राखत असतं.

धडधाकट, पोट भरलेलं, बाहेरच्या हवेत वाढलेलं मोठं मांजर हे निभावतं, पण कोरडी आणि वारा न लागणारी जागा असेल तरच. पारा ७ च्या खाली जाणार असेल तर त्यालाही आत घ्यावं, निदान जिन्यात किंवा बंद पोर्चमध्ये. काहींना मात्र १५ अंशांतही बाहेर ठेवू नये: चार आठवड्यांच्या आतली पिल्लं (त्यांना स्वतःचं तापमान राखता येत नाही आणि पहिल्या आठवड्यात तर कुडकुडताही येत नाही), म्हातारी आणि किडनीचा आजार असलेली मांजरं, सर्दीने नाक बंद झालेली, आणि नुकतं नसबंदीचं ऑपरेशन झाल्याने पोटावरचे केस काढलेली. घरात वाढलेल्या पर्शियनला 'केस भरपूर आहेत' म्हणून गॅलरीत झोपवणंही चूकच. ते केस एकदा ओले झाले की लवकर सुकत नाहीत.

आता घरं. तुलना करायची ती थोडं गणित मांडून. ४ किलोचं निवांत झोपलेलं मांजर साधारण १० वॉट उष्णता देतं, जुन्या झिरोच्या बल्बाच्या आसपास. घराला गरम करणारं यंत्र काय ते एवढंच. ४५ बाय ३०, उंची ३० सेंटिमीटर अशी पेटी इंचभर थर्माकोलची आणि पूर्ण बंद असेल, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा १०-१२ अंशांनी वर जाऊ शकते. तेवढीच पेटी १२ मिलिमीटर प्लायची असेल तर ४ अंश. आणि तीच प्लाय वापरून अडीच फूट बाय दोन फूट, दोन फूट उंच असा बंगला बांधला तर जेमतेम १ अंश. दाराच्या भोकातून बरीच ऊब जाते, त्यामुळे प्रत्यक्षात यातलं थोडंच हाती लागतं, पण क्रम बदलत नाही. लहान पेटी मोठीला हरवते, आणि जाड भिंत देखणीला.

ऑनलाइन मिळणारा घडीचा कापडी तंबू या हिशेबात मधेच लटकतो. बाहेर ऑक्सफर्ड कापड, आत चंदेरी पन्नी, मधे ४-५ मिलिमीटर फोम, दोन्ही बाजूंना पारदर्शक पडदे. भिंत प्लायइतकी ऊब धरते, पण शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपतं. विदर्भात हिवाळ्यात अवकाळी पाऊस आणि गारा येतात, त्या दिवशी हे पहिल्यांदा कळतं. दोन दारं असल्याने वारा आरपार जातो. प्लास्टिकचा पडदा थंडीत कडक होतो, त्याला ढकलून आत जायला मांजर तयार नसतं, मग लोक तो काढून टाकतात. किंमत हजाराच्या पुढे. घेतलाच असेल तर एक दार आतून थर्माकोलच्या तुकड्याने बंद करा, तळाशी इंचभर थर्माकोलची पाटी टाका आणि तंबू पोर्चच्या आतच ठेवा. तेवढ्यावर माझ्याकडून पाचपैकी दोन गुण.

सुताराकडून करून घेतलेलं प्लायचं घर टिकतं, पण दोन अटींवर. पहिली, बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही पदर न सुटणारी, आयएस ७१० ची प्लाय. एमआर प्लाय नुसता दमटपणा सोसते, पाऊस नाही. दोन पावसांत तिच्या कडा फुगून पदर सुटतात. दुसरी, माप. सुताराला सोडून दिलं तर तो ऐसपैस करतो, मालकालाही तेच आवडतं. आतलं माप ४५ बाय ३५, उंची ३० सेंटिमीटर याच्या पुढे जाऊ देऊ नका. आतून इंचभर थर्माकोल आणि त्यावर ३-४ मिलिमीटरची पातळ प्लाय लावून घ्या. उघडा थर्माकोल काही मांजरं नखांनी ओरबाडतात आणि त्याचे मणी गिळतात. छप्पर कब्जावर (बिजागरीवर) उघडणारं हवं, नाहीतर साफसफाई होत नाही. रंग दिल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवा. हे सगळं जमलं तर चार.

संत्र्याची लाकडी पेटी हा खास नागपुरी उपाय: कळमन्याच्या फळबाजारातून आलेली पेटी, वर पोतं, झालं घर. फळ्यांच्या फटींतून वारा सरळ आत येतो, खिळे आत निघालेले असतात आणि पोतं दव धरतं. त्यात संत्र्याच्या सालीचा वास मांजरांना मुळीच आवडत नाही. ताज्या पेटीत ते शिरणारच नाही, आणि लोक म्हणतात मांजराला घर नको होतं. पेटीत फळांखाली असलेलं तणस, म्हणजे धानाचं वाळलेलं काड, वापरायचा मोह होतो, पण एखादं सडलेलं संत्रं त्यात बुरशी सोडून गेलेलं असतं. पेटी महिनाभर उन्हात वाळवून बाहेरचं कवच म्हणून वापरता येते, आत थर्माकोलचा डबा बसवून. नुसती वापरू नये.

पाचपैकी साडेचार मिळवतो तो फेकून दिलेला थर्माकोलचा डबा. मासळी बाजारात बर्फाचे मोठे डबे मिळतात, औषधांच्या ठोक दुकानात लशींचे. लशींचा घ्या, त्याला वास नसतो आणि भिंत अनेकदा जाड असते. मासळीचाच मिळाला तर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा आणि दोन दिवस कडक उन्हात उघडा ठेवा. फिनाइलने अजिबात धुऊ नका. ते मांजरांना विषारी आहे, आणि मांजर पाय चाटतं.

बाहेरचं माप साधारण ६० बाय ४०, उंची ३५, भिंत किमान २५ मिलिमीटर. लांब बाजूच्या मधोमध नाही, एका कोपऱ्याकडे १५ सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडा. मधोमध असलं तर वारा थेट झोपलेल्या मांजराच्या अंगावर येतो. कोपऱ्यात असलं की ते दुसऱ्या टोकाला आडोशाला पडतं. भोकाची खालची कड तळापासून ६ सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे तणस बाहेर सांडत नाही आणि उडालेलं पाणी आत येत नाही. दातेरी पावाच्या सुरीने हळूहळू कापलं की कड तुटत नाही. कापलेल्या कडेवर रुंद टेप दोन्ही बाजूंनी दुमडून लावा. बोका जाड असेल तर १६-१७ पर्यंत चालेल, त्याहून मोठं केलं तर कुत्र्याचं तोंड आत जातं.

इथे एक चूक हमखास होते. डबा सुंदर दिसावा म्हणून वर ऑइल पेंट किंवा स्प्रे मारतात आणि थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. त्यातली द्रावणं थर्माकोल खातात, रबरी चिकट गोंदही तेच करतो. पांढरा फेविकॉल आणि पाण्यात मिसळणारा रंग चालतो. रंगापेक्षा बाहेरून ताडपत्रीचा तुकडा गुंडाळणं बरं. झाकण चिकटवू नका, दोरीने बांधा, आणि वर दोन विटा ठेवा. रिकामा डबा इतका हलका असतो की फेब्रुवारीतल्या वादळी पावसात तो शेजारच्या प्लॉटवर सापडतो.

आत भरायचं ते कोरडं, ताजं तणस. भंडारा-गोंदियाकडून ते भरपूर येतं. गव्हाचं लांब काड मिळालं तर आणखी चांगलं, ते पोकळ असतं आणि ओल कमी धरतं. कुटार मात्र नको. ते बारीक असतं, धूळ नाकात जाते आणि त्यात बीळ करता येत नाही. हिरवं किंवा अर्धवट वाळलेलं गवतही नको. डब्याचा दोनतृतीयांश भाग मोकळं भरा, दाबू नका, मांजर स्वतः खळगा करतं. दर आठवड्याला हात घालून बघा, गार आणि ओलसर लागलं की बदला. कूलरच्या जुन्या ताटीतला भुसा काढून भरणारेही आहेत. त्यात उन्हाळाभराचा क्षार आणि बुरशी असते, त्यामुळे ते टाळा.

डबा विटांवर ३-४ इंच उचला आणि दाराकडे किंचित उतार द्या. तोंड पूर्वेला किंवा दक्षिणेला: उत्तरेचा वारा टळतो आणि सकाळचं पहिलं ऊन दारात येतं. जिन्याखाली, छज्जाखाली किंवा कुत्रा पोहोचणार नाही अशा भिंतीवर ठेवा. टिनाच्या पत्र्याला टेकवू नका. अन्न आत ठेवलं तर मुंग्या येतात, दुसरे बोके येतात आणि भांडण होतं. वाटी दहा-पंधरा फूट दूर असू द्या. संध्याकाळचं खाणं थोडं वाढवा. पाणी कोमट द्या, कारण थंडीत मांजरं पाणी कमी पितात. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

डब्यात ६० वॉटचा बल्ब सोडणं हा आग लावायचा सोपा मार्ग आहे, तणस वाळलेलं असतं. विजेच्या गाद्यांपैकी घरात वापरायची गादी बाहेर नको. वायर चावली जाते आणि दमटपणाही असतो. फार गारठ्याच्या रात्री रबरी पिशवीत गरम (उकळतं नाही) पाणी भरून जाड लोकरीत गुंडाळा आणि तणसाखाली अर्ध्याच भागात ठेवा. मांजराला नको वाटलं तर बाजूला सरकता आलं पाहिजे.

पहाटे एखादं मांजर कान गार, अंग ढिलं, हाकेला प्रतिसाद नाही अशा अवस्थेत सापडलं तर लक्षात घ्या, कुडकुडणं थांबलेलं असणं हे बरं झाल्याचं नव्हे, बिघडल्याचं लक्षण आहे. कोरड्या टॉवेलात गुंडाळा, दोन्ही बाजूंना कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या लावा, हळूहळू ऊब द्या. हेअर ड्रायर नको, चोळणं नको. गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजायची घाई होते. अंग गरम झाल्याशिवाय त्याला पचत नाही आणि ते श्वासनलिकेत जातं. मग डॉक्टरकडे न्या. सर्दीसाठी घरातलं पॅरासिटामॉल तर कधीच नाही, अगदी थोडंसंही मांजराला मारतं. कापराचा बाम आणि डांबराच्या गोळ्याही दूर ठेवा.

डबा ठेवला तरी काही मांजरं कारच्या बोनेटमध्ये आणि गॅलरीत झाकून ठेवलेल्या कूलरमध्ये शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा आणि क्षणभर थांबा. कूलर काढताना पंखा लावण्याआधी मागची ताटी उघडून आत बघा. मार्चमध्ये तिथे पिल्लं निघू शकतात. आणि होळीच्या आधी डबा उचलून तणस टाकून द्या. जो थर्माकोल जानेवारीत ऊब धरतो, तोच नागपूरच्या उन्हात भट्टी होतो.