दीडशे माणसांची कंपनी आणि मनःस्वास्थ्यासाठी बेताचे पैसे : आधी काय घ्यावं?

10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की एचआरच्या मेलवर प्रस्तावांची रांग लागते. कुणी ध्यानाचं अ‍ॅप विकतं, कुणी चोवीस तासांची समुपदेशन सेवा, कुणी दोन तासांचं व्याख्यान. मालक म्हणतात, "यातलं एक सांगा, सगळं परवडणार नाही." पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत, पर्सनल खात्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय की एकदा नीट लिहून काढतो. डोळ्यांसमोर शंभर ते तीनशे माणसांची कंपनी आहे. खाली शॉप फ्लोअर, म्हणजे यंत्रांवरचं काम, वर ऑफिस, तीन पाळ्या, आणि फ्लोअरवरचे निम्मे लोक ठेकेदाराचे.

तुलना करताना मी किंमत आधी बघत नाही. दोन प्रश्न आधी विचारतो. पहिला कामगाराचाच असतो: "इथे बोललेलं साहेबांपर्यंत जाईल का?" दुसरा माझा: त्रासाचं मूळ कामातच असेल तर हा उपाय तिथवर पोचतो का?

अ‍ॅप

सगळ्यांत स्वस्त, आठवड्यात सुरू होतं आणि गुप्ततेची भीती तुलनेने कमी. म्हणूनच बहुतेक कंपन्या इथून सुरुवात करतात. माझ्या मते ही सुरुवात चुकीची आहे.

ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. अ‍ॅप, ध्यानवर्ग, ताण सोसायला शिकवणारं प्रशिक्षण यांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे आढळले नाहीत. हा अभ्यास एका वेळच्या पाहणीवरचा आहे, त्यामुळे तो शेवटचा शब्द मानू नये. पण इलिनॉय विद्यापीठाने याहून कडक परीक्षा घेतली. तिथल्या जवळपास 5,000 कर्मचाऱ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं आणि एका गटाला आरोग्य तपासणी, व्यायाम, ताण-नियमन असा कार्यक्रम दिला. वैद्यकीय खर्चात किंवा कामात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यातली एक गोष्ट कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे: स्वतःहून भाग घेणारे लोक मुळातच जास्त निरोगी होते. ज्याला खरी गरज होती तो आलाच नाही.

आपल्याकडेही तेच होतं. ऑफिसातले चार-पाच उत्साही लोक अ‍ॅप वापरतात आणि वापराचा आलेख मालकांसमोर चांगला दिसतो. सीएनसी मशीनवर रात्रपाळी करणाऱ्याचा मोबाइल मात्र गेटवर जमा असतो.

बाहेरची समुपदेशन सेवा

यात कंपनी दर माणशी वार्षिक रक्कम भरते आणि कर्मचाऱ्याला फोनवर किंवा प्रत्यक्ष ठरावीक सत्रं मोफत मिळतात. गुप्ततेच्या बाबतीत हा पर्याय सगळ्यांत सरस आहे, कारण समुपदेशक कंपनीच्या पगारावर नसतो आणि कॅन्टीनमध्ये समोर येत नाही. बहुतेक करारांत घरच्यांनाही ही सोय घेता येते. तो मुद्दा आवर्जून विचारा. कामगार स्वतः फोन करणार नाही, पण त्याची बायको करेल, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

अडचण वापराची. अशा सेवांचा वापर बहुतेक ठिकाणी एक आकडी टक्क्यांतच राहतो. फ्लोअरवर फोन चालत नाही आणि खोलीवर पाच जण राहतात, मग बोलायचं कुठे? शिवाय करारातली माणसं मोजताना फक्त कंपनीच्या पटावरचे लोक धरले जातात. ठेकेदाराचे लोक बाहेर राहतात. त्यांना ना नोकरीची हमी, ना रजेची, आणि सोयही त्यांनाच नाही. प्रस्ताव हातात आला की आधी हा आकडा बघा: 150 म्हणजे कोणते 150?

ऑफिस स्टाफ जास्त असलेल्या, घरून काम करू देणाऱ्या कंपनीला मात्र हा पर्याय चांगला लागू पडतो.

आवारातला समुपदेशक

आठवड्यातून दोन दिवस येणारी व्यक्ती. चेहरा ओळखीचा होतो, भाषा आपली असते, आणि विश्वास बसला की लोक दारूपासून सावकारापर्यंत सगळं बोलतात. सगळा खेळ मात्र बारीक तपशिलांवर असतो.

एका कंपनीत आम्ही समुपदेशक बाईंना एचआरच्या शेजारची काचेची केबिन दिली होती. तीन महिन्यांत फ्लोअरवरून कुणीही आलं नाही. चूक आमची होती. पुढे त्यांना प्रथमोपचार खोलीच्या आतल्या बाजूला बसवलं. तिथे माणूस बोटाला पट्टी बांधायलाही जातो, त्यामुळे कोण कशासाठी गेलं हे कळत नाही. मग एकेक जण यायला लागला.

तरी एक गाठ राहिलीच. पाळी चालू असताना मशीन सोडायचं तर रिलिव्हर, म्हणजे तेवढ्या वेळापुरता बदली माणूस लागतो. रिलिव्हर सुपरवायझर देतो, आणि सुपरवायझर विचारतो, "कुठे चाललास?" गुप्तता तिथेच संपली. पाळी सुटल्यावर यावं तर कंपनीची बस दहा मिनिटांत निघते. हा पर्याय निवडणार असाल तर आधी बसचं आणि रिलिव्हरचं ठरवा, नेमणूक त्यानंतर.

नेमताना शिक्षण नीट तपासा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागून घ्या. औषधं लिहिणारा मानसोपचारतज्ज्ञ वेगळा, तो डॉक्टर असतो. समुपदेशकाने गरज ओळखून त्याच्याकडे पाठवायचं असतं, म्हणून जवळच्या एका मानसोपचारतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवलेलं बरं. दारूचा प्रश्न असेल, आणि फ्लोअरवर तो असतोच, तर तो चार सत्रांत सुटत नाही. पुण्यात 1986 पासून चालणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे दाखल व्हायला माणसाला रजा आणि परत आल्यावर तीच जागा द्यायची आपली तयारी आहे का, हा प्रश्न मालकाला आधी विचारावा लागतो.

सुपरवायझरचं प्रशिक्षण

याच्याकडे कुणी फारसं बघत नाही, आणि माझा कौल यालाच आहे.

कामगाराच्या दृष्टीने कंपनी म्हणजे त्याचा सुपरवायझर. रजा तोच अडवतो, चारचौघांत तोच बोलतो, मशीन तोच बदलून देतो. त्याच्याशी बिनसलं तर वरच्या मजल्यावर कितीही सोयी असोत, काही पोचत नाही.

याला आधार चांगला आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलात अधिकाऱ्यांना फक्त चार तासांचं प्रशिक्षण दिलं: आपल्या माणसाची मानसिक तब्येत बिघडलीय हे ओळखायचं कसं, आणि त्याच्याशी बोलायचं कसं. अशाच दुसऱ्या, प्रशिक्षण न दिलेल्या गटाशी ताडून पाहिलं. 2017 मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार कामाशी निगडित आजारपणाची रजा सहा महिन्यांत दर माणशी 6.45 तासांनी कमी झाली आणि खर्चलेल्या प्रत्येक पौंडामागे 9.98 पौंड वाचले. दीडशे माणसांना रजेचा हा हिशेब लावला तर सहा महिन्यांत आठ तासांचे साधारण 120 दिवस होतात. अग्निशमन दल आणि पत्रा दाबणारं प्रेस शॉप एक नव्हे, तेव्हा मालकाला या आकड्याचं वचन देऊ नका. पण चार तासांत बदल होऊ शकतो, एवढं यातून नक्की कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची ठाम शिफारस आहे.

चार तासांत शिकवायचं काय? वेळेवर येणारा सलग उशिरा येतो, रोज गप्पा मारणारा एकटा जेवतो, हात चांगला असूनही रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल वाढतो, हे टिपायला शिकवायचं. मग बाजूला घेऊन साधं विचारायचं: "मामा, दोन आठवडे बघतोय, तुम्ही गप्प गप्प आहात. घरी सगळं ठीक ना?" आणि त्यानंतर आपण गप्प बसायचं. "मन घट्ट करा" म्हणायचं नाही, स्वतःची कहाणी सुरू करायची नाही. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच मदत मिळवून द्यायची. एरवी ऐकलेलं पुढे सांगायचं नाही. हे सगळं करून दाखवावं लागतं, जोड्या लावून, मराठीत आणि हिंदीत. बिहार-ओडिशाचे लोक आज प्रत्येक लाइनवर आहेत. इंग्रजी स्लाइड घेऊन येणारा प्रशिक्षक नको.

गुप्ततेच्या कसोटीवर हा पर्याय कच्चा आहे, हे खरं. सुपरवायझर म्हणजे साहेबच. म्हणून त्याने समुपदेशक होऊ नये, पुढचा दरवाजा दाखवण्यापुरतं त्याचं काम. आणि ज्याच्या जिभेचाच लोकांना त्रास आहे, अशाला चार तासांनी फरक पडत नाही. त्याच्याकडून माणसं काढून घ्यावी लागतात, मग उत्पादनात तो कितीही हुशार असो.

कामाची घडी बदलणं

दुसऱ्या प्रश्नाला, मुळापर्यंत पोचण्याच्या, पूर्ण उत्तर देणारा हा एकच पर्याय आहे. विकणारा कुणी नाही, म्हणून याचा प्रस्ताव मेलवर येत नाही.

आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलं. ओव्हरटाइमचं रजिस्टर उघडून अशी नावं मोजा. त्यांना योगवर्गाला पाठवण्यात अर्थ नाही.

पाळ्यांचा क्रमही बघा. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोपा जातो. उलटा क्रम झोप मोडतो. याला एक पैसा लागत नाही. पाळी आयत्या वेळी बदलणं हा दुसरा जाच. अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या साखळीने 28 दुकानांच्या प्रयोगात काही दुकानांचं वेळापत्रक स्थिर करून पाहिलं, तर तिथे विक्री 7 टक्क्यांनी आणि श्रम-उत्पादकता 5 टक्क्यांनी वाढली. ऑफिसवाल्यांसाठी चीनच्या ट्रिप डॉट कॉम या पर्यटन कंपनीचा प्रयोग आहे: 1,612 कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना आठवड्यात दोन दिवस घरून काम दिलं, राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत फरक पडला नाही.

रजेचं तर विचारूच नका. कोकणातल्या माणसाला गणपतीत गावी जाऊ न देणं आणि आषाढीला दिंडीत चालणाऱ्याचे दिवस कापणं, यातून जी कटुता साचते ती वर्षभर पुरते. तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत असतात. तेव्हाच यादी लावली, कोण कधी जाणार हे लोकांनाच आपसांत ठरवू दिलं, तर लाइन बंद पडत नाही. मी हे करून पाहिलेलं आहे.

यात अवघड एवढंच की मालकाला आणि प्रॉडक्शन मॅनेजरला स्वतःची सवय बदलावी लागते. पाच माणसं कमी असताना टार्गेट तेच ठेवायचं आणि लोकांना ताण सोसायला शिकवायचं, हे मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

मग घ्यायचं काय?

फ्लोअर मोठा असेल तर पहिल्या वर्षी सुपरवायझरचं प्रशिक्षण आणि पाळी-रजेची दुरुस्ती. पैसे उरले तर दोन दिवसांचा समुपदेशक. बहुतेक लोक ऑफिसात असतील तर मॅनेजरचं प्रशिक्षण आणि बाहेरची सेवा. अ‍ॅप सगळ्यांत शेवटी, फुकट मिळालं तर. कंपनीत नुकतीच आत्महत्या किंवा जीवघेणा अपघात झाला असेल तर हा क्रम बाजूला ठेवा आणि अनुभवी समुपदेशक काही आठवडे आवारात बसवा. आधी त्या पाळीतल्या लोकांसाठी.

पैसेच नसतील तरी तीन गोष्टी उद्या करता येतात. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक नोटीस बोर्डावर नको, तिथे उभं राहून कुणी लिहून घेत नाही. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा आणि पगाराच्या पावतीवर छापा, ठेकेदाराच्या पावतीवरही. दुसरं, ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे लाभ समजावून सांगा. तिथल्या लांबलेल्या आजारांच्या यादीत काही मानसिक आजारही आहेत आणि पात्र कामगाराला त्यात वेतनाच्या 80 टक्के मिळू शकतात. तिसरं, ऑफिसवाल्यांची गट विमा पॉलिसी वाचा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांना विमा संरक्षण देणं बंधनकारक केलंय. पण या आजारांवरचे बहुतेक उपचार दाखल न होता चालतात, आणि बऱ्याच पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. नूतनीकरणाच्या वेळी बाह्यरुग्ण खर्चाचं कलम मागून घ्या.

फळ मोजायचं तर खाडे, राजीनामे आणि किरकोळ अपघात यांचे आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांचे आकडे शेजारी ठेवा. तीन महिन्यांत उत्पादन वाढेल अशी अपेक्षा धरू नका. पहिल्या वर्षी समुपदेशकाकडे जाणारे वाढले तर घाबरू नका, त्रास आधीही होता.

आणि सेवा देणारी कुठलीही संस्था समोर बसली की तिला एक विचारा: "आमच्या पेंट शॉपमध्ये चारच जण आहेत. तिथून कोण आलं, हे आम्हाला कळवाल का?" गुप्तता हा त्या चौघांचा कायदेशीर हक्क आहे. उत्तर "हो, हवं असेल तर" असं आलं, तर चहा पाजून निरोप द्या आणि दुसऱ्या संस्थेला फोन लावा.