ओबोची प्लास्टिक रीड: वेंगुर्ल्यात एक पावसाळा काढल्यानंतर

ओबो हे फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य, आणि त्याची रीड म्हणजे ओठांत धरायची दोन पात्यांची पत्ती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या हवेत केनची, म्हणजे बोरूसारख्या काडीची, रीड रोज वेगळी वागते. सकाळी बरी असलेली संध्याकाळपर्यंत तोंड वासते, म्हणजे दोन पात्यांमधली फट वाढते, आणि मग खालचे सी, बी, बी फ्लॅट एकतर उठतच नाहीत किंवा दचकवत फुटतात. डबीत बुरशी धरते ते वेगळंच. म्हणून प्लास्टिकची मागवली. एकीच्या पैशात केनच्या चार-पाच चांगल्या रीड्स आल्या असत्या, वर कस्टमचा भुर्दंड.

भिजवायला लागत नाही. डबीतून काढा, वाजवा. मंद आवाजातसुद्धा खालचा बी फ्लॅट पहिल्या फुंकीला निघतो. वरच्या सप्तकात मात्र आवाज कोरडा वाटतो, केनची झळाळी नाही. संथ एकल वाजवायचं असेल तर मी अजूनही केनच काढते.

माझ्या लेखी खरा फायदा दुसराच. रीड रोज तीच, त्यामुळे बिघाड झाला की रीडला बोल लावायची सोय उरत नाही. जुलैत खालचा बी परत अडखळायला लागला. एफ शार्प धरून डाव्या करंगळीने जी शार्पची चावी दाबून बघितली. तेव्हा सुरात फरक पडायला नको, पण पडत होता. म्हणजे जी शार्पचं पॅड, छिद्र झाकणारी गादी, किंचित उचललं जात होतं. बी आणि बी फ्लॅटच्या चाव्या त्याच करंगळीच्या, जी शार्पला अगदी लागून. बोट जरा घसरलं की हवा गळणार. बारीक स्क्रूड्रायव्हरने तिथला स्क्रू अगदी थोडा फिरवला आणि काम झालं. बाकीची पॅडं सिगारेटच्या पातळ कागदाने तपासली: चावी मिटून कागद ओढला तर तो अडकला पाहिजे.

मग उरलं तोंड. खाली उतरताना रीड किंचित बाहेर घ्यायची, ओठांत फक्त टोक. जबडा खाली, ओठांचे कोपरे आत. हवा चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तशी ऊबदार, पण पोटाचा आधार सोडायचा नाही. आधी जीभ न लावता नुसत्या श्वासाने सूर उठवायचा, तो जमला की मगच जिभेने. शिमग्यात पालखीपुढे सनई वाजवणारे आमच्या वाडीतले आजोबा ऐकून म्हणाले, "चेडवा, ओठ कित्याक आवळतंस? वारो पोटातसून येवंदे." सनईची पत्ती आणि ही रीड यांत पुष्कळ अंतर आहे, पण निदान अचूक होतं.

एवढं झाल्यावर केनच्या रीड्सही सुधारल्या, कारण आता चाकू कुठे लावायचा ते कळतं. फट मोठी असेल तर भिजलेली पाती, ती बांधलेल्या दोऱ्याच्या जरा वर, चपट्या बाजूने हलकेच दाबून धरायची. तरीही खालचे सूर जड वाटले तर स्क्रेपच्या, म्हणजे पात्यांच्या तासलेल्या भागाच्या, मागच्या बाजूला कडेकडेने थोडं खरवडायचं, मधल्या कण्याला हात लावायचा नाही. जास्त काढलं की अख्खी रीड बेसूर उतरते आणि ते परत भरून येत नाही.

प्लास्टिकचं टोक दातावर आपटलं तर चिरतं. माझ्या पहिलीचं तेच झालं. घेणारच असाल तर कडकपणात नेहमीपेक्षा अर्धा नंबर मऊ घ्या. कडक घेतली तर चाकूने सावरता येईल या भरवशावर राहू नका.